दादाने न बोलता बसवलेला दांडा

माझा थोरला भाऊ सव्वीस वर्षं ट्रक चालवत होता. एकसंध ट्रक, मागे हौदा असलेला. एवढ्या वर्षांत त्याने कुणाला ओरखडा काढला नाही आणि गाडीबद्दल कुणाशी चार वाक्यंही बोलला नाही. कंपनीत त्याला मौनीबाबा म्हणायचे. तो हसायचा, बस्स.

गाडीची तपासणी मात्र त्याच्यासारखी कुणी करत नसे. रोज निघण्याआधी तो गाडीभोवती एक फेरी मारायचा आणि प्रत्येक वस्तूवर हात ठेवायचा. टायरवर तळवा, नटांवर बोटं, ब्रेकच्या नळीवर अंगठा. कुठे काही सैल लागलं की तिथेच आवळायचा. त्याची बायको, म्हणजे आमची वहिनी, म्हणायची, "माझी कधी एवढी विचारपूस केली नाही यांनी."

वहिनीला जाऊन दोन वर्षं झाली. आजार पोटातला होता. शेवटच्या महिन्यात डॉक्टरांनी दादाला बाजूला घेऊन सांगितलं, आता आशा नाही, तुम्हीच त्यांना सांगा. दादा खोलीत गेला, तिचं पांघरूण सारखं केलं, पाय चेपत बसला. सांगितलं नाही. शेवटपर्यंत नाही. त्याचा मला फार राग आला होता. माणूस जातंय आणि हा एक शब्द बोलत नाही! देवापुढे बसले तरी तो राग जात नसे.

यंदा कंपनीने ठरवलं की सगळे जुने ट्रक विकायचे आणि ट्रेलर घ्यायचे. ओढणारी गाडी पुढे, माल मागे. ज्याच्याकडे ट्रेलरचं लायसन तोच चालवणार. मुकादम म्हणाला, "मौनीबाबा, महिनाअखेर तुमची गाडी जाणार. त्याच्या आत लायसन आणा, नाहीतर फाटकावर राखणीला बसा."

चालवण्याची दादाला भीती नव्हती. मागे घेताना ट्रेलर उलटा वळतो, तेही त्याने आठ दिवसांत हातात बसवलं. अडचण वेगळीच निघाली. परीक्षेत तपासणी बोलून करायची असते. ज्याला हात लावाल त्याचं नाव घ्यायचं, काय पाहिलंत ते सांगायचं. अशा बेचाळीस गोष्टी.

"हे कशाला?" दादाने मला विचारलं.

"परीक्षकाला कळायला नको, तू काय बघतोयस ते?"

"त्याला डोळे नाहीत?"

मग रोज संध्याकाळी तो माझ्याकडे यायला लागला. मी स्वयंपाकाच्या टेबलाशी पुस्तक घेऊन बसायची. आमचे हे खुर्चीला टेकून उभे राहायचे आणि म्हणायचे, "मी ट्रेलर. चल, तपास." दादा यांच्या गुडघ्याकडे बोट करून पुटपुटायचा, "टायर. चीर नाही. हवा बरोबर."

"मोठ्याने, दादा. ट्रेलर बहिरा आहे असं समज."

"बहिरा नाही, उपाशी आहे," हे म्हणायचे. "आणि त्याचा एक स्क्रू ढिला आहे, तुझ्या बहिणीला विचार."

पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा दादा पोट धरून हसला. वहिनी गेल्यानंतर मी त्याला असं हसताना पाहिलं नव्हतं. तीन आठवड्यांत बेचाळीसच्या बेचाळीस गोष्टी तो न अडखळता म्हणू लागला. घसा बसला इतका बोलला. मी रोज देवाचे आभार मानत होते. मला वाटलं, नुसती परीक्षा नाही, माझा भाऊच परत येतोय.

परीक्षेच्या दिवशी मी सोबत गेले. कठड्याबाहेर बाक होता, तिथून सगळं दिसत होतं, ऐकूही येत होतं. दादाने खणखणीत सुरुवात केली. "पुढचा डावा टायर. चीर नाही, हवा बरोबर, नट घट्ट." परीक्षक, चष्म्यातला शांत माणूस, कागदावर खुणा करत होता. पुढची गाडी संपली. मग दादा जोडणीपाशी आला. तिथे ट्रेलर पुढच्या गाडीत अडकतो आणि एक लोखंडी दांडा आत गेला की कुलूप बसतं. दादाने दांड्याला हात लावला आणि थांबला.

दांडा दोन बोटं बाहेर होता. कुलूप बसलंच नव्हतं. तशीच गाडी रस्त्यावर गेली असती तर ट्रेलर सुटला असता.

परीक्षक म्हणाला, "हं, बोला."

दादा बोलला नाही. वाकला, आत डोकावला, बाही वर केली, दांडा दोन्ही हातांनी रेटून आत बसवला. पुन्हा ओढून पाहिला. मग पुढे गेला. टायर, नळ्या, दिवे, मागची दारं, सगळ्यांवर हात ठेवला आणि फेरी पुरी केली. तोंडातून एक अक्षर नाही. मी कठडा धरून मनातल्या मनात म्हणत होते, बोल रे, बोल.

परीक्षकाने चष्मा काढला. "काका, तुम्ही केलंत ते मी पाहिलं. पण बोलला नाहीत. जे बोलला नाहीत ते तपासलं नाही असंच मला धरावं लागतं. पुन्हा तीन महिन्यांनी या."

बाहेर आल्यावर मी त्याच्यावर डाफरले. "अरे, 'दांडा बाहेर आहे' एवढे तीन शब्द! तीनच!"

तो कितीतरी वेळ चालत राहिला. मग म्हणाला, "दांडा खरंच बाहेर होता गं."

तेव्हा मला उमगलं. टेबलाशी तो बेचाळीस गोष्टी बोलू शकला, कारण तिथे काही बिघडलेलं नव्हतं. खरं बिघडलेलं समोर आलं की त्याचे हात धावतात आणि वाचा बसते. वहिनीच्या खाटेशी मी हेच पाहिलं होतं. पाहिलं, पण जमेस धरलं नाही.

महिनाअखेर त्याचा ट्रक विकला गेला. नवीन मालक न्यायला आला तेव्हा दादाने सवयीने फेरी मारली, एक नट आवळला आणि किल्ली दिली. आता तो फाटकावर असतो. आलेल्या गाडीचा नंबर वहीत लिहितो, अडसर वर करतो.

तीन महिन्यांनी मी अर्ज भरून आणला. पुस्तक घेऊन टेबलाशी बसले. आमचे हे खुर्चीला टेकून उभे राहिले. मी म्हटलं, "चल दादा. पुढचा डावा टायर."

तो यांच्या गुडघ्याकडे बघत राहिला. म्हणाला, "राहू दे गं. भावजींना बसू दे. दमून आलेत."

मी आग्रह केला नाही. करायला हवा होता का, ते देवालाच विचारते अजून.