वगळलेला आवाज

माझ्या धाकट्या बहिणीचं बोलणं घरच्यांनाच कळतं. जन्मतःच मेंदूला इजा झालेली. जीभ ताब्यात नाही, शब्द ओढत, तुटत येतात. डोकं मात्र तल्लख. चाकाच्या खुर्चीत बसून सगळा पेपर वाचते आणि मग माझ्याशी वाद घालते.

अपंगांना फोनवर नुसतं बोलून मदत मागता यावी, असं यंत्र एक संस्था बनवत होती. त्यासाठी आवाज गोळा करायला सांगलीत शिबिर होतं. मलकापूरहून गाडी करून आम्ही गेलो. तिथला तरुण तिला म्हणाला, "ताई, यंत्रानं तुमचंही बोलणं शिकायला हवं. तुमचाच आवाज पाहिजे."

असं तिला कधी कुणी म्हटलं नव्हतं. दिवसभर ती समोरची वाक्यं वाचत राहिली. मानेला रग लागली, घामानं अंग भिजलं, तरी थांबेना. परतताना म्हणाली, "दादा, आता तुझी गरज न्हाई मला." आणि खूप हसली.

पुढं ते यंत्र सुरू झालं. खुर्चीचं चाक निखळलं तेव्हा तिनं हट्टानं स्वतः फोन लावला.

"माफ करा, समजलं नाही. कृपया स्पष्ट बोला."

ती पुन्हा बोलली. पुन्हा तेच. मग फोन आपोआप कटला. मी लावला, तर पहिल्याच वाक्याला तक्रार नोंदली गेली. ती भिंतीकडे बघत बसली.

मी त्या तरुणाला गाठलं. तो खरं बोलला. "सर, तसले आवाज घातले की यंत्राच्या चुका वाढायच्या. वरच्यांनी ते बाजूला काढले."

"मग बोलावलंत कशाला?"



नंतर साताऱ्यात त्यांचा कार्यक्रम झाला. बॅनरवर हिचा माइकसमोरचा मोठा फोटो. सत्काराला बोलावलं. मी नको म्हणत होतो, पण ती गेली. शाल, नारळ झाल्यावर तिनं माइक मागितला आणि बोलू लागली. लोकांनी मध्येच टाळ्या वाजवल्या. निवेदिका म्हणाली, "ताईंना भरून आलंय!"

मी उभा राहिलो. "भरून बिरून काही आलेलं नाही. ती म्हणतेय, माझा आवाज घेतला आणि टाकून दिला. आता माझा फोटो तरी खाली उतरवा."

पुढच्या सत्कारमूर्तीचं नाव पुकारलं गेलं.

फोटो उतरवला की नाही, ठाऊक नाही. तक्रारीवर कुणी आलं नव्हतं, चाक तेव्हाच मी गावात बसवून घेतलं. बहीण हल्ली घरातही फारशी बोलत नाही. पाणी हवं असलं तरी बोट दाखवते.