चांदणी मधोमध आणताना

गोळेवाल्याच्या हाताला तोड नाही, असं सगळी गल्ली म्हणायची. गुलाबी गारगोटीचं ओबडधोबड ढेकूळ त्याच्यापुढे टाकलं, की तीन दिवसांत त्याचा संत्र्याएवढा गुळगुळीत गोळा व्हायचा. जमिनीच्या पोटात वितळलेला खडक सावकाश निवताना हा दगड अगदी शेवटी जमतो. त्याला गुलाबी रंग देतात आतले केसाहून बारीक तंतू. गोळा नेमका घासला, तर त्याच तंतूंमुळे दिव्याच्या उजेडात सहा किरणांची चांदणी उमटते. लोक त्याला प्रेमाचा दगड म्हणत आणि हौसेने उशाशी ठेवत.

"उन्हात ठेवू नका म्हणावं," गोळेवाला हसायचा, "रंग उडतो प्रेमाचा."

घासताना चाकावर पाणी सोडावं लागतं, नाहीतर दगडाचं पीठ उडतं. पण पाण्याने होणाऱ्या पांढऱ्या चिखलात चांदणी दिसायची नाही. म्हणून शेवटच्या घासणीला हा पठ्ठ्या तोटी बंद करून कोरडंच घासायचा. स्वतःच्या नाकातोंडाला फडकं बांधायचा. समोर बायको दिवा धरून बसायची.

"दिसतंय का?"

"जरा डावीकडे... हं, आली मधोमध."

तिला बोलावं लागायचं, म्हणून तिच्या तोंडाला फडकं नसायचं. चाक फिरायचंही तिच्याच दिशेने. अशी बावीस वर्षं गेली.

वर्षभर खोकून ती निम्मी झाली, तेव्हा डॉक्टरांनी तिच्या छातीचा फोटो उजेडावर धरला. सगळीकडे पांढरे ठिपके होते.

"दगडाच्या कारखान्यात होत्या का या?"

"छे, घरीच असते," तो म्हणाला आणि मग त्याला चाकासमोर दिवा धरून बसलेली ती आठवली.

आत बसलेलं पीठ आता निघणार नव्हतं.

घरी आल्या आल्या तो पाना घेऊन चाक खोलायला बसला. ती भिंतीला टेकून बघत होती.

"अहो, हे काय करताय?"

"मी मारलं तुला."

"पीठ माझ्याकडे उडतंय हे मला दिसत होतं की. दिवा माझ्याच हातात होता."

"मग बोलली का नाहीस?" तो जवळजवळ ओरडलाच.

दम गोळा करायला तिला वेळ लागला. "दिवसभर तुम्ही दगडात बुडालेले असायचात. तेवढ्यापुरतं तरी मला विचारायचात, दिसतंय का म्हणून."

पाना त्याच्या हातातच राहिला. बावीस वर्षांत तिला दुसरं काही विचारल्याचं त्याला आठवेना.