कडू झालेलं तिखलं

बाजारात ओल्या तिरफळांचा झणझणीत वास आला की माझी मान आपोआप खाली जाते. लग्नानंतर माझे आईवडील पहिल्यांदाच कोल्हापूरहून आमच्याकडे जेवायला आले होते. सासूबाई बाजारात मासे विकायच्या, आणि मासे विकणाऱ्या बाईच्या घरात मुलगी दिल्याचं मुख्याध्यापक वडिलांना अजून सलत होतं. निदान जेवण तरी माझ्या हातचं असावं म्हणून बांगड्याचं तिखलं, म्हणजे दाट तिखट कालवण, मीच करायला घेतलं. त्यात तिरफळं घालतात एवढं ऐकून होते, कशी ते माहीत नव्हतं. सासूबाई शेजारीच उभ्या होत्या, पण मी बँकेतली अधिकारी, त्यांना काय विचारायचं? कडू बिया आधी काढून टाकायच्या असतात हे ठाऊक नव्हतं, बियांसकट सगळी वाटणात वाटली. पहिल्याच घासाला वडिलांनी तोंड वाकडं करून ताट सरकवलं. “वाटण मी केलं होतं. माझाच हात चुकला,” सासूबाई जपून, शुद्ध मराठीत म्हणाल्या. मागीलदारी भांडी घासताना मी विचारलं, तुम्हाला दिसत होतं, मग सांगितलं का नाही? “तू शिकलेली गो, तुका कसा सांगूचा?” वडील अजूनही आमच्याकडे आले की सासूबाईंच्या हातचं तिखलं आधी बोटाने चाखतात, मगच भातावर घेतात. त्या समोर उभ्या राहून वाट बघतात. मी भात वाढत राहते.