न बदललेलं पाणी

माझं छप्पर वाचवलं ते उधव्याच्या जमनीमावशीनं. हे आधीच सांगते, कारण पुढचं सांगून झाल्यावर तिचं नाव घ्यायला मला तोंड राहील की नाही, ठाऊक नाही. नवऱ्यालासुद्धा हे कधी बोलले नाही. तुम्हाला का सांगतेय — तेही नीट कळत नाही.

मी जत तालुक्यातली. सातवीत शाळा सुटली, कारण टँकरची वेळ आणि शाळेची वेळ एकच होती, आणि घरात थोरली मीच. आमच्याकडं भांडी धुतलेलं पाणी शेवग्याला जायचं. पाणी सांडलं तर आई मारायची नाही, नुसती गप्प बसायची. ते जास्त लागायचं.

लग्नानंतर नवऱ्याला इकडं गुजरातच्या हद्दीला, अच्छाडला हायवेवर पंक्चरच्या दुकानात काम लागलं. मी शेजारच्या ढाब्यावर. राहायला ढाब्यामागची खोली — माझं काम आहे तोवर खोली, असं ढाब्याच्या शेठनी पहिल्याच दिवशी सांगितलेलं. लेक तेव्हा कडेवर होती. इथं बोअरचं पाणी धो धो यायचं, आणि ड्रायव्हर लोक नळ तसाच सोडून केस विंचरत उभे राहायचे. मी मागून जाऊन बंद करायची. जवळच्या उधवा गावाहून भाकऱ्या करायला येणारी जमनीमावशी हसायची, "पोरी, नळ तुझ्या माहेरचा हाय काय?"

दोन हजार सोळाच्या उन्हाळ्यात शेठनी वापीहून काचेची पेटी आणली आणि गल्ल्याजवळ मांडली. आत एकच मासा, सोनेरी. शेपटी अशी, की कुणी ओढणी पाण्यात सोडलीय. जिवंत मासा मी कधी असा कडेनं पाहिलाच नव्हता. बघतच राहिले. एवढं पाणी चहूबाजूंनी, आणि त्याला ते कुणाशी वाटून घ्यावं लागत नाही — असाही जीव असतो?

दुकानदारानं सांगितलेलं, मासा नवा आहे, रोज सकाळी बादलीभर पाणी काढून टाका आणि आदल्या दिवशी भरून ठेवलेलं घाला. शेठनी ते माझ्याकडं दिलं. आणि मी — मी ते काढलंच नाही. टाकून द्यायचं? आरपार दिसणारं पाणी? आम्ही फडक्यानं गाळून प्यायचो ते याच्यापुढं गढूळ होतं. मी काच पुसायची, कमी झालं तेवढं वरून भरायची, आणि शेठनी विचारलं की म्हणायची, "बदललं."

मासा तळाशी बसायला लागला. पंख अंगाला चिकटवून, गालावरची झाकणं भराभर हलवत. अशक्त वाटला म्हणून मी दाणे जास्त टाकले, तापकऱ्याला पेज देतो तसे. ते तसेच कुजत राहिले. मला कळत नव्हतं का? कळत होतं. पण आता बादली उचलली असती तर आधी उचलली नव्हती हे दिसलं असतं.

एका दुपारी शेठ पेटीपुढं उभे राहिले. "पाणी रोज बदली करते ना तू?"

"हो शेठ."

"मग खराब कोणी केलं?" मावशी अधूनमधून पिठाच्या हातांनी येऊन मासा बघायची, ते त्यांना आठवलं. "जमनी, पीठ टाकलं काय यात?"

मावशीनं माझ्याकडं पाहिलं. ती सकाळच्या पहिल्या टेम्पोनं यायची. भरलेली बादली रोज जागची हललेली नाही, हे तिनं पाहिलेलं होतं. मी कांदा चिरत राहिले.

"पडला असंल," ती म्हणाली. "हात झटकला तं."

शेठनी तिला उद्यापासून येऊ नको सांगितलं.

निघताना तिनं मला चुलीमागं बोलावलं. मला वाटलं, आता बोलेल. ती म्हणाली, "तुझी खोली हाय इथं. माझा घर हाय उधव्याला." मग मागच्या वांग्यांकडं बोट केलं. "ता पानी फेकाचा नाय. झाडांना घालाचा." एवढंच. जणू भाजी कशी चिरायची ते सांगतेय.

ती गेल्यावर मी पहिल्यांदा पाणी काढलं. बादलीत आल्यावर त्याचा वास कळला. वांग्यांना घातलं. मग रोज घालत गेले.

आणि एका सकाळी चूल पेटवायला आले, तर हायवेकडून ऊन थेट काचेवर पडलेलं, आणि मासा वर आलेला. पंख पसरून, सावकाश, सगळ्या पेटीचा मालक असल्यासारखा वळत होता. हातातली काडी बोटापर्यंत जळली तरी मला कळलं नाही. माझ्या हातून मरायला टेकलेला जीव, आणि माझ्यावर राग नाही, काही नाही — नुसता पोहत होता. मी हात जोडले. खोटं कशाला बोलू, देवळात इतक्या मनापासून कधी जोडले नव्हते.

तेवढ्यात शेठ आले. खूश झाले. "बघितलं? जमनी गेली आणि मासा बरा झाला."

मी मान हलवली. हो म्हणून.

हेच सांगायचं होतं. आधीचं खोटं भीतीपोटी होतं म्हणा. पण त्या सकाळी कसली भीती होती? मासा जिवंत होता, शेठ हसत होते. एक वाक्य बोलायचं होतं. मी मान हलवली, आणि तिच्यावरचा आळ पक्का केला.

आता आम्ही डहाणूला असतो. मध्ये तलासरीच्या बाजारात मावशी भेटली. लेकीच्या गालाला हात लावून म्हणाली, "मोठी झाली गो." त्या दिवसाबद्दल अक्षर नाही. मीही बोलले नाही.

पण एक दिवस जाणार आहे. आधी शेठकडं, मग उधव्याला. मावशीची भाताची थोडी खाचरं आहेत, लावणीला माणूस मिळत नाही असं ती म्हणायची. मला लावणी येत नाही, आमच्याकडं ज्वारी. शिकेन. तिच्या माणसांसमोर सांगेन की पीठ पडलंच नव्हतं. ती काही बोलो, न बोलो — साडी खोचून तिच्या खाचरात उतरेन, आणि तिची लावणी पुरी होईपर्यंत वर येणार नाही.