गणिताचा सर नसलेली शाळा

मी चौथी शिकलो, तीही रडतखडत. तरी गावानं मला शाळेच्या समितीत टाकलं, कारण दुपारचा रिकामा मीच. मीटिंगमध्ये माझं कोणी ऐकत नाही. पण शाळेत पाहिलेलं डोक्यात साचते, शेताच्या तळ्यात, बोडीत, गाळ साचतो तसं. आज थोडा उपसतो.

केशोरीकडची आमची शाळा, सातवीपर्यंत. गणित-विज्ञानाच्या सराची बदली झाली, तेव्हापासून जागा रिकामी. हेडसर आणि लहान वर्गांच्या मॅडम, एवढेच. माझी नात प्राची सातवीत. तिले आठवीला गोंदियाच्या होस्टेलवाल्या शाळेत जायचं होतं. तिथं प्रवेशाचा पेपर, अर्धा गणित, अर्धा विज्ञान. नाहीतर मी कायले शाळेत चकरा मारतो?

*

शाळेत मायक्रोस्कोप आला. खोक्यासकट कपाटात गेला.

"काऊन काढत नाही, सर?"

"आजा, पोरांच्या हातून फुटला तर?"

"आणि नाही फुटला तर?"

सरांनी कपाटाला कुलूप लावलं.

*

हेडसर पाच दिवस गोंदियाला प्रशिक्षणाला गेले. तेवढे दिवस वरचे वर्ग खिचडीवाल्या बाईनं सांभाळले. सर आले ते खुशीत.

"आजा, आता विज्ञान प्रयोग करूनच शिकवायचं. नुसतं सांगायचं नाही."

"तिथं किती प्रयोग केले तुम्ही?"

"एकही नाही. साहेबांनी सांगितलं."

*

सर क्षेत्रफळ शिकवून राहिले होते. मी म्हटलं, पोरं माझ्या धानाच्या शेतात, बांधीत आणा, टेप लावू. आणली. बांधीचे चारही धुरे, कडेचे बांध, वाकडे. धानाची बांधी कधी सरळ असते का?

प्राची म्हणाली, "सर, त्रिकोणाचे तुकडे पाडून मोजू."

सर म्हणाले, "आपल्याला आयत आहे. ही आकृती आपल्याला नाही."

पोरं रांगेनं परत गेली. सरांनी फळ्यावर आयत काढला आणि आत लिहिलं, 'शेत'.

*

तपासणीला साहेब येणार होते. सरांनी एकेका पोराला एकेक उत्तर पाठ करून दिलं आणि त्याच ओळीनं बसवलं. त्या दिवशी दुसऱ्या नंबरचं पोट्टं तापानं घरी. साहेबांनी सरांच्याच कागदावरून ओळीनं विचारलं.

"झाडं अन्न कशात तयार करतात?"

"शंभर अंश."

"पाणी किती अंशाला उकळते?"

"हृदय."

साहेबांनी शेरा लिहिला, मुलं न घाबरता उत्तरं देतात.

*

दिवाळीनंतर मॅडम बाळंतपणाच्या रजेवर गेल्या. हेडसर आमच्या घरी आले.

"आजा, लहान वर्ग आता मलाच पाहावे लागतात. प्राची गणितात सगळ्यात हुशार. पाचवीचं गणित तिच्याकडे देतो. थोडे दिवस."

मले वाटलं, पोरीचा मान झाला. हो मीच म्हटलं.

गणितावरून विज्ञान आलं, मग सगळी पाचवीच आली. थोडे दिवस पेपरापर्यंत चालले. प्राची खडूनं पांढरे हात घेऊन घरी यायची. पाचवीची पोरं अपूर्णांक धडाधड करू लागली. गावात लोक मला थांबवून सांगायचे.

मग गोंदियाचा पेपर झाला. यादी लागली, त्यात तिचं नाव नव्हतं. ती पितळेचा गुंड घेऊन बोरिंगवर पाण्याले गेली.

मी शाळेत गेलो. "सर, पोट्टी हुशार म्हणत होते ना? मग काऊन राहिली?"

सरांनी चष्मा काढून पुसला.

"आजा, सातवीचा भाग कच्चा राहिला तिचा. तिनं वर्गात बसायला पाहिजे होतं."