बुदैयाचे बर्फवाले सर

बहारीनमध्ये ऑगस्टात दोन माणसं भेटली की पहिलं बोलणं उकाड्याचंच निघतं. बर्फवाले सर ते तिथल्या तिथे तोडायचे. "हवेचं मला सांगू नका," ते म्हणायचे, "जमिनीचं सांगा." समोरचा माणूस नकळत पायाखाली बघायचा.

सर मूळचे नागपूरचे. शिकायला सोव्हिएत रशियात गेले आणि तिथल्या उत्तरेला, जिथली जमीन खाली बारमाही गोठलेली असते, तिथे शेवाळ आणि खुरट्या झुडपांखालच्या मातीचं तापमान मोजत राहिले. पुढे तो देशच मोडला, संस्थेतले पगार थांबले आणि हा बर्फातला माणूस बहारीनच्या बुदैया गावातल्या आमच्या बागकामाच्या कंपनीत येऊन पडला. आम्ही बड्या लोकांच्या व्हिलांना हिरवळ लावून द्यायचो. मी रत्नागिरीची. दापोलीला शेतकीची पदवी घेतली, निकाह झाला आणि इक्बालच्या मागोमाग इकडे आले. तो सित्राला एका कंपनीत क्लार्क, मी नर्सरीत ऑर्डरी सांभाळणारी. एके दिवशी सर माझ्या टेबलापाशी थांबले. "नसीम, तुला माती बघायची आहे की जन्मभर बिलंच करायची आहेत?" इतक्या वर्षांत मला हे कोणी विचारलं नव्हतं.

नर्सरीच्या मागे आम्ही वाफे केले. एक उघडा, एक हिरवळीचा, एक जमिनीलगत पसरणाऱ्या जाड पानांच्या वेलीचा. प्रत्येकात वेगवेगळ्या खोलीवर तापमापकाच्या तारा पुरल्या. कुठल्या झाडाखाली मुळं थंड राहतात आणि पाणी कमी लागतं, ते शोधायचं होतं. मोजता मोजता सर तिकडच्या गोष्टी सांगायचे. "वीतभर शेवाळ असतं. वर माणूस शर्टावर हिंडतो, अन् खाली हात घातला की बर्फ. एकदा आमच्या लोकांनी त्यावरून ट्रॅक्टर नेला, शेवाळ खरवडून निघालं. दोन उन्हाळ्यांत तिथे डबकं! जमीनच खचली ना बाप्पा." सांगताना त्यांचा आवाज असा व्हायचा, जणू कोणी घरचं माणूस गेलं आहे.

आकड्यांच्या बाबतीत ते फार कडक होते. एकदा वाळूचं वादळ आलं आणि आम्हाला वाफ्यांपर्यंत पोचता आलं नाही. मी म्हटलं, "सर, आदल्या आणि पुढच्या दिवसाची सरासरी टाकू या का?" ते इतके चिडले की हातातला चहा सांडला. "जे आपण पाहिलं नाही ते लिहायचं नाही. जागा रिकामी ठेव." आलेखाच्या रेषेत तिथे भेग राहिली. मला त्या माणसाचा अभिमान वाटला.

दुसऱ्या उन्हाळ्यात सरांना ऊन लागलं. डॉक्टरांनी बाहेर पडायची बंदी घातली. मग तो सगळा उन्हाळा मी एकटीने मोजला. शुक्रवारच्या सुट्टीतसुद्धा जायचे. इक्बाल लेकीला घेऊन एसी लावून गाडीत बसायचा आणि म्हणायचा, "मातीला ताप आलाय काय गो? रोज बघायला जातेस ती!" सर बरे होऊन आले, सगळं पाहिलं आणि म्हणाले, "हे आपल्या दोघांच्या नावाने छापायचं. त्याच्या जोरावर तू एम.एस्सी.ला अर्ज कर." मी त्याच दिवशी रत्नागिरीला अब्बांना फोन केला. अब्बांनी अख्ख्या मोहल्ल्याला सांगितलं.

मग सर रजेवर निघाले. आईची तब्येत बरी नाही, महिन्याभरात येतो म्हणाले. फाटकाशी वळून म्हणाले, "खंड पडू देऊ नकोस हं." मी पडू दिला नाही. महिना उलटल्यावर मॅनेजरला विचारलं, तर त्याने हात झटकले. "खलास! तो कॅनडाला गेला. तुला सांगितलं नाही?"

काही वर्षांनी इक्बालनेच बातमी आणली. इथेच, अदलिया भागातल्या एका हॉटेलात इंजिनियर मंडळींसमोर सरांचं भाषण होतं. मी नवा ड्रेस शिवून घेतला. खोटं कशाला बोलू, सर मला हाक मारून उभं करतील असं वाटत होतं.

पडद्यावर आधी टुंड्रा आली. शेवाळ, झुडपं आणि त्यांच्याखालच्या तापमानाच्या रेषा. मग म्हणाले, "वाळवंटातही झाडं जमिनीला हेच देतात. हे मोजमाप मी बहारीनमध्ये असताना केलं." समोर माझे वाफे होते. वादळाच्या दिवशीची भेगसुद्धा जशीच्या तशी ठेवलेली. कोणीतरी विचारलं, "एवढ्या उन्हात एकट्याने?" सर हसले. "सवय लागते." तेवढ्यात त्यांची नजर माझ्यावर पडली आणि त्यांनी पाण्याचा ग्लास उचलला.

बाहेर इक्बाल काचा लावून गाडीत बसला होता; मी गाडीपाशी पोचले तोच सर मागून आले.

"सर, दुसरा उन्हाळा कोणी मोजला?"

"तू मोजलास. मी कुठे नाही म्हणतो?"

"मग माझं नाव कुठे गेलं?"

ते थोडा वेळ किल्ल्या शोधल्यासारखे खिसे चाचपत राहिले. "नसीम, मला तिथे पुन्हा पहिल्यापासून उभं राहायचं होतं. एकट्याच्या नावाला वजन असतं. तू तर इथे सुखात होतीस. नवरा, लेकरू. तुला त्या नावाचा काय उपयोग होता?"

एम.एस्सी.चं त्यांनीच सुचवलं होतं. हे ते विसरले होते, की विसरल्यासारखं करत होते, मला कळेना. मी काही बोलायच्या आत त्यांनीच विचारलं, "वाफे आहेत ना अजून? मोजतेस ना?"

"तुम्ही गेल्याचं कळलं त्याच संध्याकाळी मी सगळ्या तारा उपटल्या."

सरांनी आमच्या गाडीच्या बॉनेटवर हात टेकला. त्यांचा चेहरा एकदम म्हातारा दिसायला लागला. "काहून गं असं केलंस?" ते म्हणाले. "दोन उन्हाळ्यांनी काय कळतं? दहा तरी पाहिजे होते. आता ती रेषा कधीच पुरी व्हायची नाही." त्यांचे डोळे भरून आले होते.

इक्बालला वाटलं, ते माझी माफी मागताहेत. तो भला माणूस, दार उघडून त्यांच्या खांद्यावर हात ठेवायला उतरू लागला. सर कशासाठी रडताहेत ते मला कळलं होतं. मी पलीकडच्या बाजूने आत बसले आणि त्याला म्हटलं, "चल."