अक्षरांवरचा अंगठा

आमच्या शिवणवर्गाच्या बाईंना सगळ्या खाला म्हणतात. दिवसभर मशीन चालवून त्यांची पाठ धरलेली असते, तरी ब्लाउजचा गळा बेतायचा छोटा व्हिडिओ त्या मोबाइलवर आवाज बंद करून पुन्हापुन्हा दाखवतात. "बोलणं सोडा वो, हात पाहा."

देऊळघाटला मी लग्न होऊन कोकणातून आले. शाळा सातवीतच सुटली. पडद्यावर इंग्रजी अक्षरं दिसली की मी मान खाली घालते. काल एकजण हसत म्हणाली, "कोकणवाली, काय लिहिलं, वाच ना!"

सगळ्या माझ्याकडे पाहायला लागल्या. खालांनी अक्षरांवर अंगठा ठेवला.

"काऊन लावतं तिले वाचायले? मले तरी कुठं येते!"

त्याच दिवशी सकाळी नव्या मशीनच्या खोक्यावरचं इंग्रजी त्यांनी मला घडाघडा वाचून दाखवलं होतं.